रात्री कुठे थांबता?

अटलांटिक महासागर शिडाच्या बोटीने ओलांडून आले, असं सांगितलं की समोरचा माणूस जरा वेळ गप्प होतो आणि मग हमखास विचारतो, "पण रात्री कुठे थांबायचात?" आईने तर निघायच्या आधीच मालवणहून फोनवर विचारलं होतं, "रात्रीचे खंय थांबतास तुमी?" नाही थांबत. थांबायला जागाच नसते. कॅनरी बेटांचा उतार संपला की बोटीखाली चार-पाच हजार मीटर पाणी असतं. तिथपर्यंत पोचणारी नांगराची साखळी घेतली तर अडतीस फुटी बोट धक्क्यालाच बुडेल. त्यामुळे बोट दिवसरात्र चालत राहते आणि ती चालत असताना कोणीतरी एक जण जागा असावा लागतो. कॅनरी बेटांपासून कॅरिबियनमधल्या बार्बाडोसपर्यंत साधारण तीन आठवडे. लोकांना वादळं, देवमासे, चाचे ऐकायचे असतात. माझ्या लेखी झोप, दोर आणि स्वयंपाक हीच खाती मोठी आहेत.

रस्ता जुना आहे. १४९२च्या सप्टेंबरात कोलंबस याच बेटांपैकी ला गोमेराहून पश्चिमेला निघाला. कारण तेव्हाही वारा हेच होतं. अझोर्सच्या आसपास हवेचा जास्त दाब ठाण मांडून बसलेला असतो आणि त्याच्या दक्षिण अंगाने ईशान्येकडून वारे वाहतात. शाळेत भूगोलात 'व्यापारी वारे' म्हणून पाठ केले होते, तेच हे. हरिकेनचा मोसम ३० नोव्हेंबरला संपतो आणि हे वारे डिसेंबर-जानेवारीत नीट जम धरतात. म्हणून नोव्हेंबरात अर्ध्या युरोपातल्या बोटी कॅनरी बेटांतल्या लास पाल्मासच्या मरिनात, म्हणजे शिडाच्या बोटींच्या बंदरात, गोळा होतात. १९८६पासून इथून दर वर्षी एक मोठा ताफा एकत्र निघतो. आमचा स्किपर, म्हणजे बोटीचा कप्तान, ताफ्यातला नव्हता. गर्दी गेली की दुकानात भाजी बरी मिळते, असं त्याचं म्हणणं.

नकाशावर पट्टी ठेवून सरळ जाता येत नाही, कारण सरळ रेषेवर वाऱ्याचा भरवसा नाही. जुने खलाशी सांगायचे, लोणी वितळेपर्यंत दक्षिणेला जा आणि मग पश्चिमेला वळ. आता हवामानाच्या फाइली उपग्रहावरून येतात, पण त्यांचा सल्लाही बहुतेक वेळा लोण्यासारखाच असतो. आधी नैऋत्येला केप व्हर्देच्या दिशेने उतरायचं, वारा पक्का मिळाला की उजवीकडे वळायचं. एकूण साधारण २७०० सागरी मैल, म्हणजे ५००० किलोमीटर. वेग पाच-सहा नॉट, म्हणजे सायकलवरून दूध घालणाऱ्या माणसाइतका.

बोट एका डच जोडप्याची, दोघंही साठीच्या पुढची. तो निवृत्त इंजिनिअर, तोच स्किपर. ती आयुष्यभर शाळेत शिकवत होती आणि बोटीवरही तिचा आवाज शिक्षिकेचाच. शिवाय एक पोलिश मुलगा आणि मी. मी रॉटरडॅमला नोकरी करते. आयसलमेर या तिथल्या मोठ्या सरोवरात शनिवार-रविवार शिडं ओढत बरीच वर्षं काढली, उत्तर समुद्र ओलांडून इंग्लंडला जाऊन आले होते. मालवणात लहानपण गेलं खरं, पण घरात कोणी दर्यावर्दी नव्हतं. वडील बँकेत. हे एवढ्यासाठी सांगते की 'मालवणची आहे म्हणजे रक्तातच असणार' असं पुष्कळ जण म्हणतात. रक्तात काही नसतं, बोटांना घट्टे असतात.

आपल्याकडे खरं समुद्री धाडस पाहायचं तर दिलीप दोंदे यांचं. गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'वरून २००९-१०मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. २०१२-१३मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच बोटीवरून ती कुठेही न थांबता केली. ते दक्षिण महासागरातून गेले. आमचा रस्ता त्यामानाने पाठीशी वारा, अंगावर ऊन असा. तरीही त्याची तयारी दोन आठवडे चालली होती.

तयारीतला मोठा भाग म्हणजे बाजार. पुठ्ठ्याचा एकही खोका बोटीवर चढवायचा नाही हा पहिला नियम, कारण पुठ्ठ्याच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात आणि एकदा झुरळं झाली की समुद्रात त्यांना पळायला जागा नाही आणि आपल्यालाही. सगळं धक्क्यावरच उघडायचं, फळं-भाज्या धुऊन उन्हात सुकवायच्या. कांदे आणि बटाटे वेगवेगळ्या टोकांना, नाहीतर बटाट्यांना कोंब फुटतात. अंडी फ्रिजमध्ये न ठेवलेली घ्यायची आणि दर दोन-तीन दिवसांनी उलटी करायची. कोबी सगळ्यात इमानी भाजी, शेवटच्या दिवसापर्यंत साथ देते. हिरव्या केळ्यांचा अख्खा लोंगर मागच्या कमानीला टांगला. पाण्याच्या टाक्या ३०० लिटरच्या, वर शंभरेक लिटरच्या बाटल्या. समुद्राचं पाणी गोडं करायचं यंत्र नव्हतं, म्हणून माणशी दिवसाला तीन लिटर, त्यातच पिणं आणि स्वयंपाक. आंघोळ बादलीने समुद्राच्या पाण्याची, शेवटी एक तांब्या गोडं.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी आणखी एक तयारी असते. बाकीचे तिघे युरोपीय, त्यांना कुठे जातोय याची फिकीर नव्हती. मार्टिनिकला जायचं स्किपरच्या मनात होतं, पण ते फ्रान्सचं असूनही युरोपच्या सामायिक शेंगेन व्हिसाच्या हद्दीत नाही, वेगळा व्हिसा लागतो. बार्बाडोसला भारतीयांना व्हिसा लागत नाही. मी हा मुद्दा जेवताना इतक्यांदा काढला की शेवटी स्किपरच म्हणाला, "बरं, बार्बाडोस. पण जेवू दे." निघण्याआधी बंदरातल्या पोलीस कचेरीत जाऊन बाहेर पडल्याची नोंद करून घ्यावी लागते. ती राहिली तर कागदोपत्री आपण अजून स्पेनमध्येच असतो.

पहिले तीन दिवस काही सांगण्यासारखे नाहीत. मळमळ. बेटांच्या उंच डोंगरांमधून वारा दाबून निघतो आणि समुद्र चहूकडून उसळतो. स्टुजेरॉनची गोळी घेतली, आलेपाक चघळला, क्षितिजाकडे बघत बसले. पोलिश मुलगा रेलिंगला धरून होता. स्किपरच्या बायकोने त्याला सुकी बिस्किटं दिली आणि दर तासाला नाव घेऊन हाक मारली, हजेरी घेतात तशी. चौथ्या दिवशी सगळ्यांना एकदम भूक लागली.

मग सुरू झालं ते हेलकावणं. याबद्दल आधी कोणी नीट सांगत नाही. वारा मागून आला की बोट एका बाजूला कलून स्थिर राहत नाही, ती घड्याळाच्या लंबकासारखी डावी-उजवीकडे झुलते. वीस अंश इकडे, वीस अंश तिकडे, दर चार-पाच सेकंदांनी, तीन आठवडे. पेला ठेवला की गेला. झोपायच्या फळीला कापडी आडोसा बांधावा लागतो, नाहीतर माणूस जमिनीवर. कपाटातला एक डबा दुसऱ्यावर टक्क करून आपटतो, तो शोधायला रात्री टॉर्च घेऊन अर्धा तास जातो, त्याच्याभोवती मोजा गुंडाळला की दुसरा डबा सुरू होतो. हे ऐकायला गमतीचं वाटतं. झोप तुटलेली असते तेव्हा त्या डब्याचा जीव घ्यावासा वाटतो.

रात्र संध्याकाळी आठ ते सकाळी आठ अशी तीन-तीन तासांत वाटलेली. माझी पाळी दोन ते पाच. उठायचं, हार्नेस म्हणजे अंगावरचा सुरक्षा-पट्टा चढवायचा, वर येण्याआधीच त्याचा हूक बोटीला अडकवायचा. कॉकपिट, म्हणजे मागची सुकाणूपाशी बसायची जागा, सोडून पुढे एकट्याने जायचं नाही, हा स्किपरचा एकमेव कडक कायदा. सहा नॉटने बोट सेकंदाला तीन मीटर पुढे जाते. तीन मीटरच्या लाटांमध्ये पाण्यातलं डोकं मिनिटभरात दिसेनासं होतं. हे गणित त्याने पहिल्याच दिवशी कागदावर करून दाखवलं आणि पुन्हा कधी विषय काढला नाही.

पाळीवर तसं काम थोडं. दर दहा-पंधरा मिनिटांनी उभं राहून चारी बाजूंना बघायचं, एआयएस या आसपासची जहाजं दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर जहाज येतंय का पाहायचं. आठवडाच्या आठवडा एकही आलं नाही. उरलेला वेळ आकाशाचा. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची म्हणजे आपला अक्षांश, हे पुस्तकात वाचलेलं असतं, पण इथे तो खरोखरच दर आठवड्याला खाली उतरलेला दिसतो. लास पाल्मासला २८ अंशांवर होता, बार्बाडोसला १३. मधे एका रात्री पडद्यावर १६ अंश आले. हा मालवणचा अक्षांश. ध्रुव आमच्या अंगणातून दिसतो तेवढाच वर होता. दक्षिणेला अगस्त्य, समुद्र पिऊन टाकणारा म्हणे, आम्हाला मात्र काही उणं जाणवलं नाही. पहाटे पाच वाजता पाळी संपायच्या सुमारास आग्नेयेला त्रिशंकूचा क्रूस तिरका वर येत असायचा.

बोट चालवतं कोण, तर बहुतेक वेळ कोणीच नाही. मागे विंडव्हेन नावाचं यंत्र असतं. विजेशिवाय चालतं. प्लायवूडचं एक पातं वाऱ्याला जाणतं, बोट रस्ता सोडायला लागली की ते कलतं, त्याने पाण्यातलं दुसरं पातं वळतं, पाण्याचा जोर ते पातं बाजूला ढकलतो आणि त्याला बांधलेल्या दोऱ्या सुकाणूचा दांडा ओढतात. सगळं त्या दोन बोटभर जाडीच्या दोऱ्यांवर. आणि दोऱ्या झिजतात.

महासागरात बोटी वाऱ्याने मोडतात त्याहून जास्त घासण्याने मोडतात, असं मी आता कोणालाही सांगेन. एकाच बाजूने तोच वारा, तेच शीड, तोच दोर त्याच कप्पीच्या त्याच कडेवर दिवसाला हजारो वेळा मागे-पुढे. खाडीत शनिवार-रविवार शिडं लावणाऱ्याला हे कधी कळत नाही, कारण तो तासाभरात वळतो. स्किपर रोज सकाळी कॉफीच्या आधी डेकवर फेरी मारायचा. पुढच्या शिडाला बाहेर ढकलून धरणाऱ्या दांड्याच्या टोकाशी दोर हाताने चाचपायचा. बूम, म्हणजे मोठ्या शिडाखालचा आडवा दांडा, चुकून उलटी फिरू नये म्हणून पुढे बांधलेला दोर, प्रिव्हेंटर, तोही. मग प्रत्येक दोर चार बोटं ओढून घ्यायचा, म्हणजे झिजण्याची जागा बदलते. डेकवर एखादा स्क्रू किंवा पिन पडलेली दिसली तर ती कुठली हे कळेपर्यंत नाश्ता नाही. एकदा मिळालेली टाचणीएवढी पिन डोलकाठीच्या बुडाशी असलेल्या कप्पीची निघाली.

एका सकाळी त्याने मला दांड्याचं टोक दाखवलं. दोराचं वरचं निळं वेष्टन तुटून गोळा झालं होतं आणि आतला पांढरा गाभा दिसत होता, हातभर लांबीत. काल संध्याकाळी तो धड होता, मीच पाहिला होता. तेवढा भाग कापला, टोक मेणबत्तीवर वितळवलं, नवी गाठ मारली, टोकाच्या कडीला जुन्या पाणनळीचा तुकडा चढवला. हे सगळं बोट झुलत असताना, एक हात बोटीसाठी आणि एक कामासाठी.

विंडव्हेनची दोरी मात्र रात्रीच गेली, माझ्या पाळीत, तीनच्या सुमारास. आवाज फार नाही, एक 'फट'. मग बोट हळूच वाऱ्याकडे वळायला लागली, पुढचं शीड धडाधड फडफडलं आणि आत सगळी भांडी एका बाजूला गेली. मी दांडा पोटाशी ओढून तिला परत रस्त्यावर आणलं आणि ओरडले. स्किपर दोन मिनिटांत वर, अंगात फक्त चड्डी आणि हार्नेस. मी सुकाणू धरून बसले, तो मागच्या शिडीवर उलटा लोंबकळून कप्पीतून नवी दोरी ओवत होता आणि त्याची बायको त्याच्या हार्नेसचा पट्टा दोन्ही हातांनी धरून टॉर्च दातांत घेऊन उभी. दोरी आधीच मापाने कापून, टोक वितळवून, ड्रॉवरमध्ये तयार होती. अर्ध्या तासात काम झालं. खाली जाताना तो म्हणाला, "उरलेली दुसरीही उद्या बदलू. तिचंही वय तेवढंच आहे."

स्वयंपाकाची शेगडी बिजागऱ्यांवर झुलती असते, बोट कलली तरी ती सपाट राहते. तरीही उघड्या भांड्यात काही उकळणं म्हणजे पोळून घेणं. बोटीवर प्रेशर कुकर निघाला, तेव्हा मला माहेर भेटलं. झाकण घट्ट, शेगडीला क्लॅम्प, डाळ-तांदळाची खिचडी, एक भाग समुद्राचं पाणी आणि बाकी गोडं, वेगळं मीठ लागत नाही. वर मेतकूट. पोलिश मुलाने मेतकूट ब्रेडवरच्या लोण्यावर भुरभुरवून खायला सुरुवात केली, ती डबी संपेपर्यंत थांबला नाही.

केळ्यांनी अपेक्षेप्रमाणे दगा दिला. दहा दिवस कच्ची, आणि मग एका दुपारी अख्खा लोंगर पिवळा. शिकरण झालं, पॅनकेक झाले, भजी झाली. नेमकं त्याच सुमारास आम्ही अर्ध्या रस्त्यावर पोचलो, म्हणून रव्याचा प्रसादाचा शिरा केला, त्यात केळी सढळ हाताने. तूप नव्हतं, डच लोणी होतं. डच बाईंनी रेसिपी लिहून घेतली आणि खाली 'सव्वा' म्हणजे किती हे मला तीनदा विचारलं.

उरलेला रवा माशांना लागला. सकाळी डेकवर उडते मासे पडलेले असायचे, रात्री भलतीकडे उडी मारलेले. बोटभर असतील तर परत पाण्यात, वीतभर असतील तर तिखट-मीठ-हळद लावून रव्यात घोळवून तव्यावर. काटे बारीक, चव आपल्या बांगड्याच्या जवळपासही नाही, पण ताजा मासा तो ताजा मासा. गळाला लावून काही मिळवणं मात्र अवघड झालं होतं, कारण अर्ध्या रस्त्यानंतर सारगॅसमचे पिवळे पट्टे सुरू झाले. हे तरंगतं शेवाळ २०११पासून या भागात फार वाढलंय. गळ टाकला की दोन मिनिटांत त्यावर झुडूप. विंडव्हेनच्या पात्यालाही तेच, दर पाळीत हुकाने ओढून काढायचं.

शेवटच्या आठवड्यात स्क्वॉल, म्हणजे वारा-पावसाचे अचानक येणारे सपाटे. दिवसा ते दिसतात: मागून एक काळा ढग, खाली पावसाचा पडदा, त्याच्या पुढे पाण्यावर गडद सुरकुती. रात्री रडारवर डाग दिसतो, किंवा काही तारे अचानक गायब होतात. आधी गार झुळूक, मग पंधरा नॉटचा वारा पस्तीसवर. तोवर पुढचं शीड गुंडाळून रुमालाएवढं केलेलं असलं तर बोट नुसती धावते. वीस मिनिटांत सगळं संपतं, आणि मागे वारा इतका पडतो की शिडं खुळखुळ्यासारखी आपटत राहतात, ते जास्त छळतं. एका दुपारच्या स्क्वॉलमध्ये आम्ही चौघं साबण घेऊन डेकवर उभे राहिलो. साबण लावून झाला आणि पाऊस थांबला.

बार्बाडोस बेटांच्या रांगेच्या पूर्वेला एकटंच आहे आणि ठेंगणं आहे, सगळ्यात उंच टेकडी ३४० मीटरच्या आसपास. त्यामुळे 'जमीन दिसली' हा क्षण फार उशिरा येतो. आम्हाला आधी रात्री ढगांच्या पोटावर उजेड दिसला, मग दीपगृह. किनाऱ्याचं दर्शन स्किपरच्या बायकोला झालं, माझी झोपायची पाळी होती आणि तिने मला उठवलं नाही. मी तिचे आभार मानले.

तपासणी व्हायची आहे असं सांगणारा पिवळा झेंडा चढवून बार्बाडोसची राजधानी ब्रिजटाउनच्या बंदरात क्रूझ जहाजांच्या शेजारी काँक्रीटच्या धक्क्याला लागलो. आरोग्य, कस्टम्स, इमिग्रेशन, तीन खिडक्या आणि प्रत्येकीला क्रूची यादी वेगळी. इमिग्रेशनच्या साहेबांनी माझा पासपोर्ट उघडला, मिटला आणि विचारलं, "सूर्यकुमारचा पाय दोरीला लागला होता का नाही, खरं सांग." २९ जून २०२४चा टी-ट्वेंटी वर्ल्ड कपचा अंतिम सामना, सूर्यकुमारच्या सीमारेषेवरच्या त्या झेलाचा, तिथून जवळच्याच केन्सिंग्टन ओव्हलवर झाला होता. मी सांगितलं, नव्हता लागला. मग मी गावसकरांच्या १९७१च्या दौऱ्यातलं याच मैदानावरचं नाबाद शतक काढलं, तर ते म्हणाले, तो सामना माझ्या वडिलांनी पाहिला होता. मागे रांग वाढत होती. परतीचं विमानाचं तिकीट दाखवल्यावर शिक्का बसला. बोट सोडून जाणाऱ्या क्रूकडे तिकीट मागतात, तेव्हा ते आधीच काढून ठेवावं.

कोणाला जायचं असेल तर नोव्हेंबरच्या मध्याला लास पाल्मासच्या मरिनात जा. तिथल्या फलकावर क्रू हवा असलेल्यांच्या आणि बोट हवी असलेल्यांच्या चिठ्ठ्या असतात. जेवणाखाणाचा खर्च वाटून घेणारा स्किपर सापडतो. पगार मिळणार नाही, आणि भलते पैसे मागणाऱ्याकडे जाऊ नका. होकार देण्याआधी एक-दोन दिवस त्या बोटीवर बेटांमध्ये फिरा आणि स्किपर सकाळी दोर चाचपतो का ते पाहा. सुट्ट्या पाच-सहा आठवड्यांच्या घ्या, वारा तुमच्या ऑफिसला विचारून येत नाही. आणि आलेपाक दोन पाकिटं जास्त न्या, माझी पोलिश मुलानेच संपवली.